‘तुला काय कमी केलं आम्ही?’

बोरिवली असो की घाटकोपर, हा प्रश्न बहुतेक मराठी घरांत केव्हा ना केव्हा विचारला जातोच. आणि खरं उत्तर ‘काहीच नाही’ असंच असतं. फी वेळेवर भरली, डबा रोज मिळाला, दहावीला क्लास लावला, तापात कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. तरी पस्तिशीतल्या मुलाला मोबाइलवर आईचे तीन मिस्ड कॉल दिसले की पोटात गोळा येतो. हे कसं होतं, ते जरा सावकाश पाहू.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिंडसे गिब्सन यांनी २०१५ साली अशा आईवडिलांवर पुस्तक लिहिलं. अशा पालकांना त्यांनी भावनिकदृष्ट्या अपरिपक्व म्हटलं. ही माणसं दुष्ट नसतात. त्यांना स्वतःचा राग, भीती, एकटेपणा पेलता येत नाही, म्हणून तो घरातल्या लहानाला पेलावा लागतो. बाबांचा मूड पाहून टीव्हीचा आवाज ठरतो. आई रुसली की दोन दिवस अबोला, आणि समजूत काढायला जायचं ते आठवीतल्या मुलीने. गिब्सन चार प्रकार सांगतात: भावनांच्या लाटेबरोबर घर हलवणारे, मुलाला सतत ‘घडवत’ राहणारे, झिडकारणारे आणि निष्क्रिय. ओळखायला सगळ्यांत अवघड हा चौथा. ‘आमचे बाबा अगदी साधे’ असं आपण कौतुकाने सांगतो. पण आई फाडफाड बोलत असताना ते पेपरात तोंड खुपसून बसलेले असायचे, हे आठवायला वर्षं लागतात.

मुलावर याचा परिणाम कसा होतो, याचा धागा मानसशास्त्रज्ञ एड ट्रॉनिक यांच्या १९७०च्या दशकातल्या प्रयोगात सापडतो. आई काही महिन्यांच्या बाळाशी खेळते, मग ठरवून दोनेक मिनिटं चेहरा निर्विकार ठेवते. बाळ हसून पाहतं, हात पुढे करतं, ओरडतं आणि शेवटी मान फिरवून गप्प होतं. ट्रॉनिक यांचं पुढचं निरीक्षण मला जास्त मोलाचं वाटतं. चांगल्या मायलेकरांचेही सूर फार तर तिसरा हिस्सा वेळ जुळलेले असतात. बाकी वेळ ते बिनसतात आणि पुन्हा जुळवून घेतात. म्हणजे आई चिडली म्हणून मूल मोडत नाही. चिडण्यानंतरची डागडुजी झालीच नाही, तर ते अडकतं.

आपल्याकडे ही डागडुजी ‘चल, जेवून घे’ एवढ्यावर आटोपते. त्या ताटात माया असते, नाही असं नाही. पण भांडण कशावरून झालं, चूक कोणाची, हे मुलाला कळत नाही. ज्यांच्यावर आपलं सगळं अवलंबून आहे तीच माणसं चुकतात, हे मानणं लहान मुलाला परवडत नाही. मग ते चूक स्वतःकडे घेतं: मी आणखी शहाण्यासारखं वागलो तर आई शांत होईल. ही आशा चाळिशीपर्यंत टिकते.

आईवडील असे का झाले, यालाही कारणं आहेत. १८ जानेवारी १९८२ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरांचा पाया हलला. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकात अशा घराची घुसमट दिसते. तेव्हा कोणाला काय वाटतंय हे विचारायची उसंत कोणाला होती? कारण समजलं की राग थोडा निवळतो, सवय मात्र तशीच राहते.

सवय सोडवायची एक पद्धत ज्याने शोधली, तो स्वतः अशाच घरातला होता. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये वाढलेला अल्बर्ट एलिस मूत्रपिंडाच्या आजाराने लहानपणी वारंवार इस्पितळात असे आणि आईवडील क्वचितच भेटायला येत. घरी आई झोपलेली असायची, म्हणून त्याने स्वतःच्या पैशांनी गजराचं घड्याळ आणलं आणि धाकट्या भावंडांना उठवून तयार करू लागला. त्याची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मुंबईत किशोर फडके यांनी रुजवली. अंजली जोशी यांचं ‘मी अल्बर्ट एलिस’ हे पुस्तक मराठीत आहेच.

पद्धत अशी. समजा अंधेरीत भाड्याने राहणारी मुलगी रविवारी घरी येणार नाही म्हणते आणि आई म्हणते, ‘बरोबर आहे, तुला आता तुझं घर आहे.’ ही घटना. परिणाम: मुलगी अपराधी होऊन मैत्रिणींचा बेत मोडते. मधली पायरी तिला दिसत नाही: ‘आई नाराज होताच कामा नये, झाली तर मी वाईट मुलगी.’ एलिस या ‘च’वर बोट ठेवतो. कोणी ठरवलं? आई नाराज झाली तर नक्की काय कोसळतं? त्या जागी ‘ती नाराज झालेली मला आवडत नाही, पण मला ते सोसता येईल’ हा विचार आणला, तरी वाईट वाटतंच. बेत मात्र मोडावा लागत नाही.

पण नुसत्या विचाराने भागत नाही. जे मिळालं नाही त्याबद्दल रडावंही लागतं. बर्कली विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ मेरी मेन यांनी १९८०च्या दशकात आईबापांना त्यांच्या बालपणाविषयी बोलतं केलं. ज्यांचं बालपण कठीण होतं, पण जे ते रंगसफेदी न करता, सुसंगत सांगू शकत होते, त्यांची मुलं बरीचशी निर्धास्त असल्याचं दिसलं. म्हणून मित्राला, समुपदेशकाला, निदान वहीत सांगावं.

इंग्रजी पुस्तकं अशा आईवडिलांपासून दूर राहा म्हणतात. मारहाण किंवा छळ असेल तर दूर जाणंच योग्य. एरवी वन-बीएचकेमध्ये दूर जायचं कुठे? शिवाय आईवडिलांचा सांभाळ ही २००७च्या कायद्यानुसार मुलांची जबाबदारी आहे. तेव्हा सीमा विषयाची आणि वेळेची आखावी. डॉक्टरकडे नेणं, औषधं, लाइटबिल यांना हो. आईच्या बाबांबद्दलच्या तक्रारी ऐकून घेणं, याला नाही. ‘आई, हे तू बाबांशीच बोल. मी चहा टाकते,’ हेच वाक्य त्याच सुरात दर वेळी. सुरुवातीला उलट जोर वाढतो. ‘फार शहाणी झालीस’ ऐकावं लागतं, डोंबिवलीहून मावशीचा फोन येतो. जुना उपाय चालेना झाला की माणूस आधी तोच जोरात करून पाहतो, एवढाच त्याचा अर्थ. गिब्सन यांचा आणखी एक सल्ला कामाचा आहे: बोलायला बसण्याआधी छोटं उद्दिष्ट ठरवा. ‘दिवाळीत दोनच दिवस येणार हे सांगायचं’ एवढं पुरे. ‘त्यांनी मला समजून घ्यावं’ हे त्या बैठकीत नको.

मदत लांब नाही. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था ठाण्यात, म्हणजे मुलुंडच्या पुढच्याच स्टेशनला आहे. कूपर रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. पहिल्याच भेटीत ‘आईवडीलच ते, करा माफ’ म्हणणारा समुपदेशक भेटला तर बेलाशक बदला. आणि ऑनलाइन बोलणार असाल तर घरात एकांत नसल्याचं आधीच सांगा. गच्चीवरून, उभ्या गाडीत बसून किंवा ऑफिसच्या मीटिंग रूममधून बोलणारे पुष्कळ असतात.