पाइपातून पाणी उतरतं, गोंगाट हवेचा होतो

घरातल्या मोठ्या फिशटँकचं पाणी नितळ राहावं म्हणून बरेच हौशी लोक खालच्या कपाटात दुसरी, लहान टाकी ठेवतात. वरच्या टाकीच्या कडेला एक छोटा सांडवा असतो. त्यावरून ओसंडलेलं पाणी ओव्हरफ्लो बॉक्समध्ये पडतं, पाइपातून खालच्या टाकीत उतरतं, तिथे गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. हीटर, गाळण्या, पंप असा सगळा पसारा नजरेआड होतो, शिवाय पाण्यावरचा तेलकट तवंगही सांडव्यावरून निघून जातो. व्यवस्था उत्तम आहे, पण रात्री घर शांत झालं की ती बोलू लागते. सांडव्याची खळखळ, पाइपातली गुडगुड आणि थोड्या थोड्या वेळाने कोणी फ्लश ओढावा तसा घोट. त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले असतात : पंप लहान करा, कपाटाला आतून फोम लावा, जाड पाइप टाका. या सगळ्यांत पाणीच गुन्हेगार ठरलेलं असतं. पुरावा मात्र हवेविरुद्ध जातो, आणि तपास त्या दिशेने नेला की उपायही बदलतात.

मार्सेल मिनार्ट या खगोलशास्त्रज्ञाने १९३३ मध्ये वाहत्या पाण्याच्या आवाजाचं गणित मांडलं. पाण्यात अडकलेला हवेचा बुडबुडा आकुंचन-प्रसरण पावत राहतो. आतली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि भोवतालचं पाणी त्या स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखं. बुडबुडा जितका लहान, तितका त्याचा सूर उंच. दोन मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा साधारण ३,३०० हर्ट्‌झला वाजतो, तर दोन सेंटीमीटर व्यासाचा ३३० हर्ट्‌झच्या आसपास. माणसाचा कान दोन ते पाच हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो, म्हणजे बारीक बुडबुड्यांची चुळबुळ नेमकी तिथेच पडते. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये गळक्या नळाच्या ‘टप्प’ आवाजाचं वेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं आणि सोबत आवाजही टिपला. थेंब पाण्यावर आपटतो तो क्षण जवळपास मुका निघाला. थेंबाने पाडलेल्या खळग्याखाली हवेचा इवलासा बुडबुडा अडकला, तेव्हाच आवाज झाला. भांडी घासायच्या साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी केल्यावर तो बंद पडला. माशांच्या टाकीत साबण घालता येत नाही, पण धडा घेता येतो : हवा पाण्यात कोंडली गेली नाही, तर पाणी गप्प राहतं.

ओव्हरफ्लोच्या मार्गात हवा तीन ठिकाणी कोंडली जाते. पहिली जागा सांडव्याखालची. बॉक्समधली पातळी खोल असेल तर पाण्याचा पडदा उंचावरून कोसळतो आणि हवा सोबत घेऊन बुडतो. दुसरी जागा पाइपाचं तोंड. ते पृष्ठभागाच्या अगदी जवळ असलं की भोवरा तयार होतो आणि त्यातून हवा आत ओढली जाते. तिसरी आणि सर्वांत त्रासदायक जागा म्हणजे उभा पाइप. प्रवाह थोडा असला की पाणी पाइपाच्या भिंतीला धरून पातळ थराने उतरतं, मधला पोकळ भाग हवेला मोकळा राहतो आणि फारसा आवाज होत नाही. प्रवाह पाइप पूर्ण भरण्याइतका असला, तरीही शांतता असते, कारण आत हवाच नसते. गोंधळ या दोन टोकांच्या मधे असतो. पाण्याचे गोळे पाइप मधेच बंद करतात, त्यांच्यामधली हवा दाबली जाते, सुटते, पुन्हा अडकते. मधूनच पाइप पूर्ण भरून सायफन सुरू होतो, बॉक्स झपाट्याने रिकामा करतो, मग हवा ओढून तुटतो. ठराविक वेळाने ऐकू येणारा तो ‘फ्लश’ हाच.

म्हणजे शांततेच्या जागा दोनच आहेत आणि दोन्हींसाठी वेगवेगळी रचना लागते. पहिली रचना इमारतींच्या सांडपाण्याच्या नळांत फार पूर्वीपासून वापरात आहे. उंच इमारतीतला उभा नळ पूर्ण भरून वाहावा असा आखतच नाहीत. त्याच्या छेदाचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग पाण्यासाठी धरतात आणि हवेसाठी व्हेंट पाइप गच्चीपर्यंत नेतात. व्हेंट नसेल किंवा तुंबला असेल, तर वरच्या मजल्यावर बादली ओतताच खालच्या मजल्यावरचा नहाणी ट्रॅप गुडगुडतो. फिशटँकमधला ‘डर्सो’ पाइप त्याच तत्त्वावर चालतो. त्याचं तोंड पाण्याखाली वळवलेलं असतं, म्हणून भोवरा हवा ओढत नाही. माथ्यावरच्या टोपणाला बारीक भोक असतं, त्यातून हवेला येण्याजाण्याची रीतसर वाट मिळते. शिवाय पाइप उंच असल्यामुळे बॉक्समधली पातळी वर राहते आणि सांडव्यावरची उडी आखूड होते. मर्यादा एवढीच की ही शांतता बेताच्या प्रवाहापुरती असते. भोक लहान पडलं तर सायफन लागतो, मोठं झालं तर पाणी हवेसकट कोसळतं, आणि पंप वाढवला की दोन्हींमधला तोल सांभाळणं अवघड होतं.

दुसरी रचना हवेला पूर्ण मज्जाव करते. एक इंची पाइप आणि दोन टाक्यांच्या पाणीपातळीत ७५ सेंटीमीटर फरक, असं उदाहरण घेऊ. घर्षण नसतं तर पाणी सेकंदाला ३.८ मीटर वेगाने उतरलं असतं. घर्षण आणि वळणं धरली तरी असा भरलेला पाइप ताशी तीन हजार लिटरच्या आसपास पाणी नेतो. पंप ताशी दोन हजार लिटरच चढवत असेल, तर पाइप बॉक्स उपसून हवा ओढणारच. म्हणजे अशा ठिकाणी जाड पाइप घेण्याचा सल्ला दुखणं वाढवतो. इलाज उलटा आहे : पाइपाच्या खालच्या टोकाजवळ व्हॉल्व्ह बसवून प्रवाह पंपाइतका आवळायचा. तो खालीच हवा, यालाही कारण आहे. मोकळ्या सोडलेल्या भरल्या पाइपात वरच्या भागातला दाब वातावरणापेक्षा कमी होतो आणि सांध्यातल्या लहानशा फटीतूनही हवा आत येऊ शकते. खाली आवळलं की वरचा पाण्याचा स्तंभ दाबाखाली भरलेला राहतो. व्हॉल्व्ह गेट प्रकारचा बरा. बॉल व्हॉल्व्ह पाव फेरीत पूर्ण बंद होतो, त्यामुळे बारीक फेरफार हाताला साधत नाही.

इथे जाणकार वाचक रास्त शंका घेईल : पंपाचा प्रवाह कायम सारखा कुठे राहतो? स्पंज तुंबतो, व्होल्टेज हलतं. शंका बरोबर आहे आणि आकडे ती आणखी धारदार करतात. भरलेल्या पाइपाचा प्रवाह उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. त्यामुळे ७५ सेंटीमीटरमध्ये एक सेंटीमीटर पातळी वाढली तर प्रवाह जेमतेम दोन तृतीयांश टक्का, म्हणजे ताशी १३ लिटर वाढतो. पंप पाच टक्क्यांनी, म्हणजे ताशी १०० लिटरने वाढला, तर ते पचवायला पातळी साडेसात सेंटीमीटर चढावी लागेल. एवढी जागा बॉक्समध्ये बहुधा नसते. उघड्या काठावरून वाहणाऱ्या पाण्याचा हिशेब वेगळा आहे. तिथे प्रवाह उंचीच्या दीडाव्या घाताने वाढतो, आणि तेच १०० लिटर एक इंची उघड्या पाइपाच्या काठावरून जायला तीन-चार मिलिमीटर उंची पुरते. म्हणून दोन पाइप लावायचे. पहिला भरलेला, व्हॉल्व्हने आवळलेला, जवळपास सगळं पाणी नेणारा. दुसरा हवेला उघडा, उरलेली धार भिंतीलगत उतरवणारा. शांततेची दोन्ही टोकं अशी एकाच टाकीत वापरात येतात : एक पाइप हवेविना गप्प, दुसरा हवेला मोकळी वाट असल्यामुळे गप्प. हौशी लोकांत ‘बीनअ‍ॅनिमल’ नावाने ओळखली जाणारी रचना हीच. तिच्यात तिसरा पाइप असतो, तो फक्त संकटासाठी.

तो तिसरा पाइप दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर आहे. आवळलेल्या व्हॉल्व्हमध्ये गोगलगाय किंवा पान अडकलं तर पाणी फरशीवर येणार, ही भीती खरी आहे. एकाच पाइपावर सायफन चालवणं म्हणूनच बेजबाबदारपणाचं. तिसऱ्या पाइपाचं तोंड बाकी दोघांपेक्षा उंच ठेवतात आणि एरवी तो कोरडाच राहतो. पहिला तुंबला की पातळी चढते आणि पाणी तिसऱ्यात शिरतं. तेव्हा होणारा खळखळाट मुद्दाम राखून ठेवलेला इशारा समजावा. लोडशेडिंगचा प्रश्नही याच हिशेबात येतो. वीज गेली की सायफन तुटतो आणि परत आल्यावर तो आपोआप लागला पाहिजे. त्यासाठी पहिल्या पाइपाचं खालचं टोक पाण्यात दोन-तीन सेंटीमीटरच बुडवावं. जास्त खोल गेलं तर अडकलेल्या हवेला बाहेर ढकलणं पाण्याला जड जातं. खालच्या टाकीत वरून उतरणारं पाणी मावेल एवढी रिकामी जागा हवी, आणि असा संच भरवशावर सोडण्याआधी पंप मुद्दाम बंद-चालू करून पाहावा.

बुडबुडे नसतील तर माशांना प्राणवायू कसा मिळणार, हा आक्षेप गैरसमजुतीतून येतो. पाण्यात वायू विरघळतो तो हवा आणि पाणी जिथे भेटतात त्या पृष्ठभागातून, आणि तो पृष्ठभाग गाजावाजाशिवायही मिळतो. सांडव्यावरचा पातळ पडदा, सतत बदलणारा वरचा थर आणि खालच्या टाकीची मोकळी पाणपातळी हे काम करतात. जास्त मासे असतील तर पंपाचं तोंड पृष्ठभागाकडे वळवून पाणी हलतं ठेवावं. पाइपातल्या गुडगुडीचं त्यात योगदान असलं तरी ते दुसऱ्या मार्गाने सहज भरून निघतं. उरला तो आवडीचा मुद्दा : पाण्याचा आवाज लोकांना भावतो, कारंजी त्यासाठीच असतात. पण एकसारखी झुळझुळ आणि अधूनमधून येणारा घोट यांत फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपण्याच्या खोलीसाठी सततच्या आवाजाची मर्यादा ३० डेसिबल आणि एकेका सुट्या आवाजाची ४५ डेसिबल अशी वेगळी धरली आहे, कारण सुटे आवाजही झोपमोड करतात. झुळझुळ हवी असेल त्याने ती सांडव्यावर ठेवावी. पाइपातला घोट मात्र कोणालाच नको असतो.

फोमबद्दलही एवढंच. कपाटाच्या फळ्यांना टेकलेला पाइप कंप पोचवतो, तिथे रबराची पट्टी उपयोगी पडते. पण दमट कपाट आतून बंदिस्त करून मुळातला आवाज कोंडणं म्हणजे ओल आणि बुरशीला आमंत्रण. खर्चाचा क्रम सरळ आहे : आधी बॉक्समधली पातळी उंच करावी, मग हवेची वाट ठरवावी, मग व्हॉल्व्ह, आणि आवाज उरलाच तर शेवटी फोम. यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय पाणी भरण्याआधीच घ्यावा लागतो. टफन केलेल्या काचेला नंतर भोक पाडता येत नाही, ती फुटते. साध्या काचेलाही भरलेल्या टाकीत हात लावणं कठीण. म्हणून टाकी बनवून घेताना लांबी-रुंदी सांगतानाच ओव्हरफ्लोसाठी एकाऐवजी तीन भोकं मागावीत. नंतरची सगळी शांतता त्या दोन जादा भोकांवर अवलंबून असते.