टपोरा दाणा: चाळणीचा की वाणाचा?

हरभऱ्याच्या राशीतून टपोरे दाणे चाळून बियाणे राखले की पुढील हंगामात दाणा आणखी मोठा होतो, असा समज आजही आढळतो. डॅनिश शास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सन यांनी १९०३ मध्येच घेवड्यावरील प्रयोगांतून त्याचे उत्तर दिले होते. एकाच शुद्ध वंशातील लहान व मोठ्या दाण्यांच्या संततीचे सरासरी वजन जवळजवळ सारखेच भरले.

हरभऱ्यात स्वपरागीभवन होते. त्यामुळे शुद्ध वाणातील दोन दाण्यांमधील फरक जनुकांचा नसतो. तो ओलावा, अन्नद्रव्ये व घाटे भरण्याच्या काळातील हवामान यांचा असतो. वाणावाणांतील फरक मात्र आनुवंशिक असून तो अनेक जनुकस्थानांतून घडतो. म्हणूनच 'विजय'साठी हेक्टरी ६५ ते ७० किलो बियाणे पुरते, तर 'पीकेव्ही काबुली-४'साठी १२५ ते १३० किलो लागते.

चाळणी अर्थातच व्यर्थ नाही. पोचट, फुटके दाणे निघून जातात व उगवण जोमदार होते. दाण्याचा आकारच वाढवायचा असेल, तर वाण बदलावा लागतो. त्यातही एक मेख आहे: काबुली दाण्याचे पातळ, गुळगुळीत टरफल साठवणुकीतील भुंगेऱ्याला बहुधा सोयीचे ठरते. असे बियाणे कडक उन्हात नीट वाळवून हवाबंद कोठीतच ठेवावे.