बादशहाच्या हातावर कोण बसलंय?

दोस्तांनो, आज एक जुनं चित्र बघू या. साधारण १६६० सालचं. म्हणजे साडेतीनशे वर्षांहूनही जुनं! काढलंय बहुधा बिचित्र नावाच्या मुघल चित्रकारानं.

सोनेरी सिंहासनावर औरंगजेब बसलाय. त्याच्या हाताकडे बघा. तलवार? छे! फूल? तेही नाही. हातावर ऐटीत बसलाय चक्क एक शिकारी पक्षी. भर दरबारात!

समोर एक छोटा मुलगा उभा आहे. ओळखा पाहू कोण? जाणकार सांगतात, हा औरंगजेबाचा मुलगा, राजपुत्र आझम. तेव्हा जेमतेम सात वर्षांचा! आपल्या छत्रपती संभाजीनगरातला बीबी का मकबरा माहितीये ना? तो ह्याच्याच आईचा. ती आई, दिलरस बानू बेगम, १६५७ मध्ये ह्याच शहरात वारली. आझम तेव्हा फक्त चार वर्षांचा होता.

आणि आझमच्या मागे कोण? शाहिस्तेखान! औरंगजेबाचा मामा. हो, तोच! पुण्याच्या लाल महालात शिवाजी महाराजांनी ज्याची बोटं छाटली, तो. पण ती गोष्ट १६६३ ची. म्हणजे चित्रातल्या खानाची बोटं अजून शाबूत आहेत!

आता पुन्हा त्या पक्ष्याकडे वळू. कारण खरी कमाल त्याचीच आहे.

त्या काळी राजे-सरदारांना बाज आणि ससाणे उडवून शिकार करायचा भारी शौक. हिंदुस्थानात, इराणात, अरबस्तानात, पार युरोपातही! हातावर असा पक्षी असणं म्हणजे मोठाच मान. म्हणून तर चित्र काढून घेतानाही तो हवाच.

पण असा पक्षी शिकवायचा कसा? त्याला रागावून चालत नाही. मारून तर मुळीच नाही! एकदा का तो बिथरला, की संपलं. शिकवणारा हातात जाड कातडी मोजा घालायचा. पक्ष्याला त्यावर बसवून तासन्‌तास फिरायचा. मोज्यावरच मांसाचे तुकडे भरवायचा. पक्ष्याच्या डोक्यावर इवलीशी कातडी टोपी असायची, डोळे झाकणारी. डोळ्यांपुढे अंधार झाला की तो शांत बसतो. पायात छोटे घुंगरू असायचे. का बरं? झाडीत दिसेनासा झाला तरी छुमछुम ऐकू यावी म्हणून!

आधी लांब दोरी बांधून उडवायचं. मग एक दिवस दोरी सोडायची. आणि पक्षी भुर्र!

आता तो मोकळा आहे. हवं तर कायमचा निघून जाईल. कोण अडवणार? पण तो परत येतो! शाळा सुटल्यावर घरातून पोह्यांचा वास आला की तुमचे पाय कसे आपोआप वळतात? तस्संच. मोज्यावर खाऊ मिळतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. बादशहाचा हुकूम बिकूम त्याला कळत नाही हं!

आणखी एक गंमत. ससाण्यांमध्ये मोठं कोण, नर की मादी? मादी! नरापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश मोठी. म्हणून मोठ्या शिकारीसाठी तिलाच जास्त मागणी.

आणि वेग? बहिरी ससाणा उंचावरून सूर मारतो तेव्हा ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. आपल्या समृद्धी महामार्गावर गाड्यांना १२० ची मर्यादा आहे. त्याच्या अडीचपट! एवढ्या वेगात वारा नाकात घुसला तर श्वास कसा घेणार? त्याच्या नाकपुडीत हाडाची बारीकशी गाठ असते. तिच्यामुळे वाऱ्याचा जोर मोडतो, असं शास्त्रज्ञ मानतात. केवढी युक्ती!

आज मात्र आपल्या देशात असे पक्षी पकडता येत नाहीत, पाळताही येत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते बंद केलं. फार बरं झालं. बघायला ते मोकळेच हवेत!

आणि बघायला लांब कशाला जायचं? शिकरा नावाचा छोटा बाज गावातल्या, शहरातल्या झाडांवरही असतो. पाठ राखाडी, छातीवर तांबूस आडव्या रेघा. कबुतराएवढाच, पण नजर केवढी करारी! अंगणातल्या चिमण्या, बुलबुल अचानक एकदम कलकलाट करायला लागले, तर पटकन वर बघा. बहुतेक शिकरेमहाराज आलेत!