निर्वासित आणि न्यायासन : लेखांक पाचवा
परक्याला जामीन कोण राहणार?

गेल्या लेखांकात आपण पाहिले की, निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर किंवा त्याला १९६७ मध्ये जोडलेल्या पूरक करारावर भारताने सही केलेली नाही. आणि त्यामुळे म्यानमारातून जीव घेऊन पळालेला मनुष्य व व्हिसाची मुदत संपूनही येथेच राहिलेला प्रवासी या दोघांना आपला कायदा एकाच सदरात घालतो. या अभेदाची खरी झळ लागते ती अटकेपासून निकालापर्यंतच्या काळात, म्हणजे ज्या काळात मनुष्य कायद्याच्या दृष्टीने अद्याप निरपराधच असतो त्या काळात. आजचा विचार तेवढ्यापुरताच आहे.

१९४६ च्या परकीय नागरिक कायद्याची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून नव्या कायद्याने घेतली असली, तरी त्याची वृत्ती फारशी पालटलेली नाही. वैध पारपत्र वा व्हिसा यांवाचून देशात शिरणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे; गुन्हा अजामीनपात्र आहे; आणि आपण परकीय नाही हे शाबीत करण्याचा भार आरोपीच्याच शिरावर आहे. तिबेटी आणि ९ जानेवारी २०१५ पर्यंत आलेले नोंदणीकृत श्रीलंकेचे तमिळ निर्वासित यांना केंद्र सरकारने सवलत दिली, हे योग्यच झाले. परंतु रोहिंग्यांसारख्या म्यानमारच्या निर्वासितांना तशी सवलत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचे ओळखपत्र त्यांच्या खिशात असते, आणि एखादा समंजस फौजदार ते पाहून थांबतोही. पण हा त्याच्या समंजसपणाचा भाग झाला, कायद्याचा नव्हे.

तथापि आपल्या राज्यघटनेने हे दार पूर्ण लावलेले नाही. भाषण, संचार, निवास ही स्वातंत्र्ये नागरिकांसाठी राखून ठेवताना घटनाकारांनी समतेचे चौदावे आणि जीवित व स्वातंत्र्य यांचे एकविसावे कलम मात्र प्रत्येक व्यक्तीला लागू केले. अटकेनंतर चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याचे आणि वकिलाचा सल्ला घेऊ देण्याचे बंधन घालतानाही त्यांनी नागरिकत्वाची अट घातली नाही. १९९६ मध्ये अरुणाचलातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात, नागरिक असो वा नसो, प्रत्येक मनुष्याच्या जीविताचे रक्षण करण्यास राज्य बांधलेले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले. पुढे जम्मूत स्थानबद्ध केलेल्या रोहिंग्यांच्या अर्जावर ८ एप्रिल २०२१ रोजी त्याच न्यायालयाने, चौदावे व एकविसावे ही दोन कलमे परकीयांनाही लागू असली तरी देशाबाहेर न घालवले जाण्याचा हक्क केवळ नागरिकांचा आहे, असे म्हटले, आणि विहित कार्यपद्धती पाळल्याखेरीज त्यांना परत धाडू नये एवढेच संरक्षण दिले. माझ्या मते पहिल्या निकालातील औदार्य दुसऱ्यात आक्रसले. परंतु जामिनाचा प्रश्न एकविसाव्या कलमाचा आहे आणि तो दोन्ही निकालांनंतर अबाधित उरतो.

जामिनाचे नियम परक्याला वेगळे नाहीत. पाच वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यात साठ दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्कच होतो. २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेचा एकतृतीयांश काळ कच्च्या कैदेत काढला, की न्यायालयाने त्याला सोडावे, असेही आहे. मात्र त्याच कलमात, एकाहून अधिक गुन्ह्यांचा तपास वा खटला चालू असल्यास हा लाभ नाही, अशी मेख आहे; आणि निर्वासितावर विनापरवाना प्रवेशाच्या जोडीला खोट्या आधारपत्राचाही आरोप ठेवला, की ही वाट त्याला बंद होते.

समजा, हे सर्व ओलांडून हुकूम झाला : पंचवीस हजारांचा जातमुचलका व तितक्याच रकमेचा एक लायक जामीनदार. आता जामीनदाराची छाननी कशी होते ते पाहावे. त्याने शिधापत्रिका, छायाचित्रे, सातबाराचा उतारा किंवा घरपट्टीची पावती रुजू करावी. बहुधा तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला आणावा. आरोपीला तो किती वर्षे ओळखतो आणि त्याच्याशी नाते काय, हे शपथेवर सांगावे. ज्याचे सारे आप्त ताडपत्रीखाली राहतात आणि ज्याला ओळखणारे सगळे त्याच्यासारखेच परकीय आहेत, त्याने सातबारावाला जामीनदार आणावा कोठून? न्यायालयाच्या आवारात भाडोत्री जामीनदार फिरत असतात, त्यांना द्यायलाही त्याच्याजवळ पैसा नसतो. मग मंजूर जामिनाचा कागद फायलीत राहतो आणि मनुष्य कोठडीत.

न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी १९७८ मध्येच मोतीराम नावाच्या एका गवंड्याच्या खटल्यात या दुखण्यावर बोट ठेवले होते. दंडाधिकाऱ्याने त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला आणि त्याचा भाऊ जामीन राहण्यास आला असता, तो व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. न्यायमूर्तींनी रक्कम हजारावर आणून जातमुचलक्यावर सुटकेचा हुकूम दिला. आपल्याच देशाच्या नागरिकाला एका जिल्ह्याची सीमा नडली, तर ज्याच्यामागे देशच उरला नाही त्याची गत काय होत असेल! सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने ८ जुलै २०२४ रोजी एका नायजेरियन आरोपीच्या जामिनातून, तो देश सोडणार नाही असा त्याच्या वकिलातीचा दाखला आणण्याची अट काढून टाकली. कारण दाखला देणे आरोपीच्या हाती नसते. निर्वासितासाठी या निकालाचे मोल फारच मोठे आहे, कारण ज्या सत्तेच्या भयाने तो पळाला तिच्याच दाराशी दाखल्याची याचना करण्याची पाळी त्याच्यावर येऊ शकते.

परका मनुष्य पळून जाईल, ही सरकार पक्षाची भीती मी क्षुल्लक मानीत नाही. परंतु तिच्यावर दर आठवड्याला ठाण्यात हजेरी, राहण्याच्या जागेची नोंद आणि नोंदणी अधिकाऱ्याला खबर, हे उपाय पुरेसे आहेत. शिवाय ज्याला परतण्यास गाव नाही तो पळून जाणार तरी कोठे? निर्वासिताला जामीन द्यायचा झाल्यास तो जातमुचलक्यावरच द्यावा, एवढे जरी खालच्या न्यायालयांनी अंगीकारले, तरी पुष्कळ कोठड्या मोकळ्या होतील. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर अट शिथिल करण्याचा विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी बजावलेच आहे. तेव्हा तालुक्याच्या न्यायालयांत उभ्या राहणाऱ्या वकीलबंधूंना व भगिनींना माझी विनंती आहे, की अशा कैद्यासाठी अट शिथिल करण्याचा अर्ज अवश्य करावा. आणि त्याच्याजवळ फी नसेल, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमाने कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला मोफत वकील मिळतो, मग ती कोणत्याही देशाची असो.