ल मोर्नच्या शिल्पांपुढे सेगा आणि झाकरी

ल मोर्नला आपण सहकुटुंब पुष्कळ वेळा जातो. डबे उघडतो, समुद्रात डुंबतो आणि संध्याकाळी परततो. पण ५५६ मीटर उंचीच्या त्या डोंगराच्या पायथ्याशी जी दगडी शिल्पे उभी आहेत, त्यांच्यापाशी किती जण थांबतात?

१ फेब्रुवारी २००९ रोजी तेथे गुलामांच्या स्मारकाचे उद्घाटन झाले. जेथून माणसे धरून आणली, त्या देशांची शिल्पे तेथे आहेत. मादागास्कर आहे, मोझांबिक आहे आणि भारतही आहे! फ्रेंच राजवटीत भारतातूनही गुलाम आणले गेले, हे आपल्या घरांत क्वचितच सांगितले जाते. आपले पूर्वज पुढे मुंबई बंदरातून करारावर आले. तेव्हा हे स्मारक दुसऱ्यांचे, असे समजून आपण पुढे चालतो.

या शिल्पांपुढे वर्षातून एक संध्याकाळ लोकसंगीताची व्हावी, आणि ती सर्वांना मोफत असावी. कल्पना अगदीच नवी नाही. ३० ऑक्टोबर १९६४ रोजी याच डोंगराच्या पायथ्याशी सेगाची रात्र रंगली होती आणि ती फ्रेर यांना ‘सेगाचा राजा’ म्हणून गौरविले गेले. एकेकाळी ज्या सेगाला पुष्कळांनी नाके मुरडली, त्याला २०१४ साली युनेस्कोच्या यादीत मान मिळाला. मात्र आज सेगा पाहायचा तर बहुधा हॉटेलात, परदेशी पाहुण्यांच्या जेवणानंतर. ज्यांच्या दुःखातून तो जन्मला, त्यांची मुले कुंपणाबाहेर!

आपल्या झाकरीचेही काही वेगळे नाही. कोकणातून आलेली ही जाखडी गणेशचतुर्थीला अंगणात रात्रभर चाले. आता रंगमंचावर दहा मिनिटे मिळाली तरी आपण टाळ्या वाजवतो. गाणी पाठ असणारी वडीलधारी माणसे कमी होत चालली आहेत, आणि लेखी उतरवून घेणारे त्याहून कमी.

दोन्ही कलांत एक गोष्ट समान आहे. पुढचा गाणारा पद टाकतो आणि बाकीचे त्याला उत्तर देतात. सेगात पाऊल जमिनीवरून फारसे उचलत नाहीत. झाकरीत घुंगराचा पाय जोरात आपटतात. मग प्रत्येक शिल्पापुढे एक पद का होऊ नये? मादागास्करच्या दगडासमोर सेगावाल्यांनी जागच्या जागी रचलेले गाणे, भारताच्या दगडासमोर आमचे. तिकीट नको, खुर्च्या नकोत. चटया आपापल्या घरून आणाव्यात.

अडचणी आहेतच. ती जागा २००८ पासून जागतिक वारसा आहे, तेव्हा परवानगी लागेल. राव्हानचे बकऱ्याचे कातडे वाजवण्यापूर्वी शेकावे लागते, म्हणून विस्तवाची सोय पाहावी लागेल. ढोलकीला मात्र विस्तव चालत नाही. तिची शाई बिघडते. तिच्या दोऱ्या आवळाव्या लागतात. राव्हान शेकला जात असताना आमच्या वादकांनी ढोलकी आवळून घ्यावी. सुरुवात राव्हानने करावी.