धुलाई कच्ची, तर माल जीवघेणा

चुन्यात भिजवून केस काढले, खरवडून मांस काढले की कातड्यात तंतूंचे जाळे उरते, हे चामड्याच्या धंद्यातील बंधूंना सांगायला नको. असेच काम आता वैद्यकात चालते. जनावराची आतडी, पित्ताशय किंवा हृदयावरचे आवरण घेऊन त्यातील सर्व पेशी धुऊन काढतात आणि उरलेले जाळे रुग्णाच्या जखमेवर किंवा शरीरात बसवतात.

परक्या जनावराचा माल शरीर कसा स्वीकारते? तंतू सर्व सस्तन प्राण्यांत बरेचसे सारखे असतात; भांडण मुख्यतः पेशींवरून होते. डुकराच्या व गाई-म्हशींच्या पेशींवर आल्फा-गॅल नावाची साखर असते. माणसात ती नसते, उलट तिच्याशी लढणारी प्रतिद्रव्ये आपल्या रक्तात आधीच असतात. धुलाई चोख असेल तर शरीराच्या भक्षक पेशी सुरुवातीला दाह करतात, मग दुरुस्तीला लागतात. जाळे हळूहळू विरघळते व त्या जागी रुग्णाचे स्वतःचे मांस भरते. वाळलेल्या मालाच्या एका मिलिग्रॅममागे डीएनए ५० नॅनोग्रॅमहून कमी असावा, ही धुलाईची रूढ कसोटी आहे.

येथे चामड्याचा नियम मात्र उलटा आहे. आपण कातडे टिकावे म्हणून कमावतो. हे जाळे रसायनाने तसे पक्के केले तर शरीराला ते विरघळवता येत नाही; दाह रेंगाळतो आणि भोवती घट्ट वण धरतो.

कच्च्या धुलाईची किंमत व्हिएन्नात मोजावी लागली. २००१ साली तेथे चार मुलांना डुकराच्या हृदयाच्या धुतलेल्या झडपा बसवल्या. त्यांपैकी तिघे दगावले. न वापरलेल्या झडपा तपासल्या तेव्हा पेशी पुरत्या निघालेल्या नाहीत असे आढळले. २००३ साली डॉक्टरांनी हे जाहीर केले.

आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डुकराच्या पित्ताशयापासून जखमेवरचे 'कोलेडर्म' तयार केले. २०२३ मध्ये त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली. आइसलंडमध्ये कॉड माशाच्या कातडीपासून असाच पट्टा बनतो, आणि माशात आल्फा-गॅल नसते.

तेव्हा घरातील रुग्णासाठी असा माल सुचवला गेला तर जनावर कोणते, हे डॉक्टरांना आधी विचारावे, दुसरा पर्याय आहे का तेही विचारावे आणि मग उलेमांचा सल्ला घ्यावा. या धंद्यात उतरू पाहणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की येथे गिऱ्हाईक माल परत करत नाही. गिऱ्हाइकाचे शरीर तो परत करते.