पिंजऱ्याचं दार उघडताना

मुलांची परीक्षा संपते, निकाल लागतो, आणि कबूल केल्याप्रमाणे एक दिवस घरात पिंजरा येतो. आत हिरवी-पिवळी नाहीतर निळी-पांढरी, टुकुटुकू बघणारी पाखरांची जोडी. दोन दिवस सगळं घर पिंजऱ्याभोवती! तिसऱ्या दिवसापासून मुलं खेळायला, यजमान ऑफिसला; आणि दाणापाणी बघणं, तळाचा कागद बदलणं, सांडलेली टरफलं झाडणं हे कुणाकडे? अर्थात तुमच्याकडे. पक्षी येतो मुलांच्या नावानं आणि राहतो आईच्या जिवावर, हे तुम्हाला वेगळं सांगायला नकोच.

मग एखाद्या दुपारी, मागचं आवरून जरा टेकलात की मनात येतं, बिचारी दिवसभर कोंडलेली असतात, थोडा वेळ मोकळी सोडावीत का?

जरूर सोडावीत. उडणं ही पक्ष्याची चैन नाही, गरज आहे. सतत पिंजऱ्यात बसून पक्षी लठ्ठ होतो, मलूल होतो, कधी स्वतःचीच पिसं उपटू लागतो. पण दार उघडणं एका क्षणाचं काम आणि पाखरू परत आत घेणं तासाचं! त्या तासात घाबरून, आपटून किंवा खिडकीतून निसटून पक्षी जिवाला मुकू शकतो. म्हणून थोडी पूर्वतयारी हवी. ती आज पाहू.

आधी पाखरू ओळखा

आपल्याकडे दुकानात सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा लव्हबर्ड नसतातच. ते असतात ‘बजरीगार’, लाडाचं नाव ‘बजी’. मूळचे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या माळरानांवरचे. तिथे पाण्याच्या आणि गवताच्या बियांच्या शोधात थव्याथव्यानं भटकतात. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञानं १८४० मध्ये ते जिवंत इंग्लंडला नेले आणि तिथून ते जगभरच्या घरांत पोचले. रानातला बजी हिरवा-पिवळाच असतो. निळे-पांढरे रंग माणसानं पैदाशीतून मिळवलेले. खरे लव्हबर्ड आफ्रिकेकडचे, अंगानं जरा भरलेले आणि आखूड शेपटीचे.

आपले देशी पोपट मात्र घरात ठेवता येत नाहीत, बरं का! गळ्याभोवती कंठ असलेला नेहमीचा पोपट, खांद्यावर लाल डाग असलेला मोठा करण पोपट, तसेच मैना आणि मुनिया यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. आजीच्या माजघरात ‘विठू विठू’ म्हणणारा राघू टांगलेला असायचा ही आठवण कितीही गोड असली, तरी आज तो पाळणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. मकाव, आफ्रिकन ग्रे यांसारखे मोठे परदेशी पोपट असतील, तर २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते. बजीला ती कटकट नाही. म्हणून इथे बजीपुरतंच बोलू.

पहिले पंधरा दिवस दार बंदच

नवी सून घरात आली की पहिल्या दिवशी तिला चाळीस माणसांचा स्वयंपाक सांगत नाहीत. निदान सांगू नये! पाखराचंही तसंच. घर नवं, आवाज नवे, माणसं नवी. निदान दोन आठवडे त्याला पिंजऱ्यातच रुळू द्या. ‘हे माझं घर, इथे माझं खाणं’ हे एकदा त्याच्या मनात बसलं की पुढे परत आणण्याचं निम्मं काम झालंच म्हणा.

पिंजरा खोलीच्या कोपऱ्यात, आपल्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. दोन बाजूंना भिंत असली की पक्ष्याला धीर वाटतो. स्वयंपाकघरात मात्र चुकूनही नको. फोडणीचा धूर तर वाईटच, पण त्याहून घातक म्हणजे नॉनस्टिकचा तवा गॅसवर विसरून फार तापला तर त्यातून निघणारी वाफ. आपल्याला तिचा वासही येत नाही, आणि पक्षी काही मिनिटांत दगावतो. धूप, उदबत्ती, डासांची कॉइल हीसुद्धा त्याच्यापासून लांबच.

रोज ठरल्या वेळी जवळ बसा. हळू आवाजात एकाच नावानं हाक मारा. चारपाच दिवसांनी राळ्याचं कणीस जाळीतून धरा. राळे म्हणजे काही घरांत भोगीला भात करतात तेच. कणीस न मिळालं तर कोथिंबिरीची काडीही चालते. तो जाळीतून खाऊ लागला की दार थोडं उघडून हात आत न्या आणि तसाच स्थिर ठेवा. मग बोट त्याच्या पोटाखाली, पायांच्या जरा वर, हलकेच टेकवायचं आणि म्हणायचं ‘चढ’. चढला की लगेच खाऊ. काही पाखरं आठवड्यात शिकतात, काहींना महिना लागतो. मुलांना हे काम जरूर द्या, पण एका वेळी एकालाच. आणि हात पुढे करायचा तो पाहुण्याला पान द्यावं तसा. माशी पकडावी तसा नव्हे.

खोलीची तयारी

बजीचं वजन जेमतेम तीसचाळीस ग्रॅम, म्हणजे मूठभर शेंगदाण्यांएवढं. आपल्याला क्षुल्लक वाटणारी वस्तूही त्याला भारी पडते. म्हणून एकच खोली निवडा, शक्यतो झोपण्याची, आणि दार उघडण्यापूर्वी एवढं पाहा:

पंखा. आपल्या घरातला हा पहिल्या नंबरचा वैरी. नुसतं बटण बंद करून भागत नाही. पाती पूर्ण थांबेपर्यंत थांबा. नंतर कुणी सवयीनं पंखा लावू नये म्हणून बटणावर कागद चिकटवून ठेवा.

खिडक्या. काच बंद करा आणि पडदेही ओढा. पक्ष्याला काच दिसत नाही, त्याला पलीकडचं झाडच दिसतं आणि तो वेगानं जाऊन धडकतो. मोठा आरसा असेल तर त्यावर चादर टाका. पेठेतल्या जुन्या वाड्यातली खोली असेल, तर कौलांखालची फट आणि झरोका विसरू नका. नव्या फ्लॅटमध्ये बाथरूमची तावदानं आणि एक्झॉस्ट फॅनचं भोक बघा.

पाणी. भरलेली बादली, उघडा हंडा, कमोड सगळं झाकून टाका. ओली झालेली पिसं घेऊन त्याला वर येता येत नाही.

फटी. कपाटाच्या मागे, फ्रिजच्या पाठीशी पाखरू अडकलं की बाहेर काढणं महाकर्मकठीण. तिथे जुन्या साड्यांची बोचकी कोंबून ठेवा.

दार आणि बेल. कडी आतून लावा. मोलकरीण, शिकवणीची मुलं, पार्सलवाला यांपैकी कुणी यायच्या वेळी हा उद्योग नको. पुण्यात दुपारी एक ते चार कुणी कुणाची बेल वाजवत नाही असं म्हणतात. पक्षी सरावला की ही ख्याती तुमच्याही उपयोगी पडेल! पहिल्या वेळेला मात्र संध्याकाळच बरी. का, ते पुढे येईलच.

आणखी एक. गणपतीच्या आधी मुठेच्या काठी ढोल-ताशाचा सराव सुरू होतो, दिवाळीत फटाके असतात. अशा दिवसांत पहिल्यांदा दार उघडू नका. एक दणका, आणि पंधरा दिवसांची ओळख पुसली जाते.

दार उघडा आणि गप्प बसा

सूर्यास्ताच्या दीडदोन तास आधीची वेळ निवडा. त्यापूर्वी तासभर पिंजऱ्यातली दाण्याची वाटी काढून ठेवा, म्हणजे थोडी भूक लागलेली असेल. पाणी काढू नका. पिंजऱ्याचं दार उघडं बांधून ठेवा आणि त्यालगत बाहेर एक काडी आडवी बसवा. पाय ठेवायला अंगण झालं. मग दूर जाऊन भाजी निवडत बसा. हात घालून त्याला बाहेर काढायचं नाही. दहा मिनिटांत येईल, तासात येईल, नाहीतर त्या दिवशी येणारही नाही. त्याची मर्जी!

जोडी असेल तर पहिल्या काही वेळा एकालाच सोडा. पिंजऱ्यातला हाका मारत राहतो आणि बाहेरचा त्या आवाजानं परत ओढला जातो.

पहिलं उड्डाण फारसं सुबक नसतं. खोलीला दोन घिरट्या, आणि मग पडद्याच्या दांडीवर नाहीतर कपाटावर मुक्काम. मुलं ओरडतील, टाळ्या वाजवतील; त्यांना आधीच बजावून ठेवा. त्याच्यामागे धावायचं नाही, झाडूनं हुसकायचं तर मुळीच नाही.

परत आत कसा येईल?

इथे एकच नियम पाळा. खाणं फक्त पिंजऱ्यात. बाहेर बोटावर एखादा दाणा दिला तर हरकत नाही, पण पोटभर जेवण घरातच. मग दीडेक तासानं भरलेली वाटी त्याला दिसेल अशी आत ठेवा, दाण्यांचा आवाज करा आणि नेहमीच्या नावानं हाक मारा. बहुतेक पाखरं भुकेच्या ओढीनं आपण होऊन आत जातात. बोटावर चढायला शिकला असेल तर प्रश्नच नाही. हाताला बिचकत असेल तर पिंजऱ्यातलीच त्याच्या ओळखीची काडी पुढे करा.

आत गेला की लगेच झडप घालून दार लावू नका. त्याला खाऊ द्या, मग हलकेच लावा. नाहीतर ‘आत गेलं की कोंडतात’ एवढंच तो शिकतो आणि दुसऱ्या दिवशी दाराकडे फिरकत नाही.

आणि अंधार पडला तरी आला नाही तर? संध्याकाळची वेळ निवडली ती याचसाठी. बजीला अंधारात नीट दिसत नाही, त्यामुळे तो बसल्या जागी थांबतो. कुठे बसलाय ते नीट पाहून ठेवा, दिवा घालवा, मिनिटभर थांबा आणि विझत्या उजेडात एखादा मऊ पंचा हलकेच त्याच्यावर टाकून उचला. डोकं दोन बोटांमध्ये, अंग तळव्यात, पण पकड अगदी सैल. माणसासारखा श्वासपटल पक्ष्याला नसतो. छाती हलली तरच त्याला श्वास घेता येतो, आणि छाती दाबली गेली तर तो हातातल्या हातात गुदमरतो. पंचाचा उपाय अगदी शेवटचा. रोजचा केलात तर तुमच्या हाताची भीती कायमची बसेल.

‘पंखच कापून टाका ना’ असा सल्ला दुकानदार देतात. उडण्याची पिसं कातरलेला पक्षी पळत नाही हे पूर्ण खरं नाही. वाऱ्याबरोबर तोही जातो, आणि घरात सारखा आपटून छाती दुखावून घेतो. शिवाय पिसं झडून नवी येतातच. काही कारणानं कातरायचीच झाली तर पक्ष्यांच्या डॉक्टरकडून. घरच्या कात्रीनं नको.

बाहेर उडाला तर

इतकं करूनही एखादे दिवशी गॅलरीचं दार उघडं राहतं. रडत बसू नका, मुलांनाही रागावू नका. पहिले काही तास महत्त्वाचे. घाबरलेलं पाखरू बऱ्याचदा जवळच्याच झाडावर बसलेलं असतं. तो कुठल्या दिशेनं गेला ते बघा. पिंजरा दार उघडं ठेवून गॅलरीत, उंचावर ठेवा. जोडीदार असेल तर तो दुसऱ्या, बंद पिंजऱ्यात शेजारीच ठेवा आणि त्याला ओरडू द्या. तुम्हीही हाक मारा. सोसायटीत शेजाऱ्यांना आणि रखवालदाराला सांगून ठेवा. त्या दिवशी सापडला नाही तर दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा जा. रात्रभर उपाशी राहिलेला पक्षी त्या वेळी खाली उतरायला तयार असतो.

‘सोडून द्या, पुण्य लागेल’

हे कुणीतरी म्हणतंच. सासूबाई, शेजारीण, किंवा आपलंच मन. कोंडलेल्या जिवाला मोकळं करावं ही भावना चांगलीच आहे. स्वतःही चार भिंतींत दिवस काढलेल्या बाईला ती जरा जास्तच पटते. पण पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेल्या बजीला पुण्याचं आकाश हे माहेर नव्हे. दाणा कुठे शोधायचा हे त्याला माहीत नाही. कावळे त्याच्यामागे लागतात, शिक्रा आणि मांजर टपलेली असतात, संक्रांतीच्या सुमाराला मांजा असतो. आपण हात जोडून घरात येतो आणि तिकडे त्याचा एकदोन दिवसांत निकाल लागतो.

नकोच असेल तर पक्षी सांभाळणारं दुसरं चांगलं घर बघा. आणि कुणाकडे देशी पोपट पिंजऱ्यात असेल तर तोही असा अचानक उडवून देऊ नये. माणसाच्या हातात वाढलेल्या पोपटाला आधी पंखांत बळ यावं लागतं, रानातलं खाणं ओळखावं लागतं. त्यासाठी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.

पक्षी ठेवायचाच असेल तर मोठा पिंजरा, सोबतीला जोडीदार आणि रोज तासदीड तासाचं उडणं हे त्याचं देणं आहे. आणि ते देण्याचं काम एकट्या आईचं असू नये. पंख्याचं बटण सांभाळायला थोरला, खिडक्या बघायला धाकटी, कडी लावायला यजमान, अशी कामं वाटून द्या. घरातला प्रत्येक जण आपापली फट बंद करून आला, की मगच तुम्ही पिंजऱ्याचं दार उघडा.